वायफाय अडखळतं तेव्हा: दोष कुठे शोधायचा आणि कडी कुठे घालायची

नेट अडखळलं की पहिला हात जातो राउटरच्या बटणाकडे. बंद करून चालू केलं की बऱ्याचदा काम भागतं, पण दोष कुठे होता ते कळत नाही, म्हणून तो परत येतो. तुमचं उपकरण ते राउटर हा वायफायचा टप्पा. राउटर ते बाहेरचं जग हा सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा टप्पा. यातला कुठला बिघडला ते आधी ठरवा.

त्यासाठी लॅपटॉपवरची पिंग ही आज्ञा पुरते: ती एखाद्या पत्त्याला हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवते. आधी राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तो 'गेटवे' म्हणून दिसतो. राउटरच्या जवळ बसून उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. शेकडो मिलिसेकंद लागत असतील किंवा मधली उत्तरं गळत असतील, तर दोष घरातच आहे. इथे सगळं ठीक असेल तर ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग करा. तिथून उत्तर नाही, तर कंपनीला फोन करा. तिथून उत्तर येतं पण संकेतस्थळाच्या नावाने काहीच उघडत नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) बिघडलं आहे; राउटरमध्ये दुसरा डीएनएस पत्ता भरा. आणि लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. अशा वेळी ते नेटवर्क 'विसरायला' सांगून पुन्हा जोडा.

दोष घरातला निघाला तर सिग्नल मोजा. मोबाइलवरची वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप्स तो डीबीएम या शक्तीच्या एककात दाखवतात; आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८०ला जोडणी नावापुरतीच. दहाचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे उणे ६०वरून उणे ७०वर आलात की हाती शक्तीचा दहावा हिस्सा उरतो. राउटर कपाटात, फ्रिजमागे किंवा मोठ्या आरशाआड ठेवला की हेच होतं. घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर ठेवा.

सिग्नल भरपूर, तरी वेग नाही, हे कोडं जास्त वेळा पडतं. २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींच्या पट्ट्यात चॅनल (त्यातल्या वाटा) पाच-पाच मेगाहर्ट्‌झवर असतात, पण प्रत्येक जोडणी निदान २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते. त्यामुळे १, ६ आणि ११ एवढेच तीन चॅनल एकमेकांपासून मोकळे राहतात. 'तिथे गर्दी आहे' म्हणून अनेकजण ३ किंवा ४ निवडतात, आणि तिथेच फसतात. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनलवर मात्र दुसऱ्याचं बोलणं समजत नाही, ते नुसता गोंगाट म्हणून घुसतं आणि माहितीची पाकिटं बिघडतात. तेव्हा शेजाऱ्यासोबत ६वर राहणं ४पेक्षा बरं. याच पट्ट्यात चॅनलची रुंदी ४० नको, २० ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, आणि राउटरला खेटून ठेवलेली यूएसबी ३ची हार्ड डिस्कही इथेच आवाज करते. जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. भिंतीतून तो कमी जातो, पण जागा मुबलक. तिथले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि नेटवर्क अचानक गायब होतं. असं वारंवार होत असेल तर ३६ ते ४८मधला चॅनल पक्का करा.

आता सुरक्षा. हवेतून जाणारं कोणीही टिपू शकतं, इथूनच सगळं सुरू होतं. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत उपकरण जोडलं जातानाची देवाणघेवाण टिपली, की पासवर्डचे अंदाज पुढे स्वतःच्या संगणकावर निवांत तपासता येतात. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. सेकंदाला चार लाख अंदाज करणारं ग्राफिक्स कार्ड आठ आकडी पासवर्डचे सगळे १० कोटी पर्याय साधारण चार मिनिटांत संपवतं. दहा आकडी फोन नंबर सात तासांत. म्हणून पासवर्ड किचकट असण्यापेक्षा लांब हवा: एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडा. पासवर्डपासून बनणाऱ्या किल्लीत नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं, आणि सर्रास नावांसाठी हे गणित आधीच करून ठेवता येतं; तेव्हा कंपनीने दिलेलं नाव बदला. २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३त प्रत्येक अंदाज राउटरसमोरच तपासावा लागतो, त्यामुळे हा घरबसल्या हल्ला चालत नाही.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शनही नको: ते दुबळं तर आहेच, शिवाय वेग ५४ मेगाबिटवर अडकवतं. नाव लपवणं आणि परवानगी असलेल्या मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या ओळखक्रमांकांची) यादी करणं यात वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी हवेत उघड्याच दिसतात. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा ठेवा, बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय बंद करा, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) ताजं ठेवा.

कॅमेरे, बल्ब यांना मुख्य नेटवर्कपासून वेगळ्या अशा पाहुण्यांच्या (गेस्ट) नेटवर्कवर टाका. जुन्या बल्बना डब्ल्यूपीए३ कळत नाही, म्हणून राउटर सोय देत असेल तर तिथे डब्ल्यूपीए२ आणि मुख्य नेटवर्कवर डब्ल्यूपीए३ ठेवा. प्रिंटर मात्र मुख्य नेटवर्कवरच असू द्या. पाहुण्यांच्या बाजूला गेला तर तो तुमच्या लॅपटॉपला दिसणार नाही.