नदी गोठली की पाणी सगळीकडे चढतं का?

नदी गोठली की पाणी चढतं आणि बर्फ वितळला की आणखी चढतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही.

तरंगणाऱ्या बर्फाने स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. तो जागीच वितळला तर पातळी वाढत नाही. खरा परिणाम होतो प्रवाह अडल्यामुळे. बर्फाच्या खडबडीत तळाशी पाणी घासतं, वेग मंदावतो, तेवढंच पाणी वाहायला जास्त खोली लागते. वळणावर तुकडे अडकून बांध तयार झाला, तर वरच्या अंगाला पाणी फुगतं आणि खाली मात्र उतरतं. हा बांध अचानक फुटला की खालच्या गावांवर पाण्याची लाट येते.

अमेरिकेत सेंट लुईस शहराच्या खाली मिसिसिपी नदीवर एकही लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारा दारांचा कप्पा) नाही, म्हणून तिथली खोली वरून येणाऱ्या पाण्यावर ठरते. मिझुरी ही उपनदी आणि वरची मिसिसिपी गोठू लागली की पाणी वरच अडकतं आणि खाली खोली कमी होते. त्यामुळे जिथे नदी गोठलेली नाही, तिथेही बार्जमध्ये (मालवाहू सपाट बोटींमध्ये) माल कमी भरावा लागतो. ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते.

वरच्या भागातली अडचण वेगळी. तिथली लॉक 110 फूट रुंद, नेहमीची बार्ज 35 फुटांची. तीन शेजारी लावल्या की उरतात जेमतेम 5 फूट. भिंतींवर बर्फ साचला की तेही जातात, आणि ताफा दोन बार्जच्या रुंदीचा करावा लागतो.