नाट्यगीत गायन स्पर्धा (कोकण)

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या पट्ट्यात हौशी गायकांसाठी होणाऱ्या मराठी नाट्यपदांच्या स्पर्धा. गाणारे बहुतेक जण पोटापाण्यासाठी दुसरेच काही करतात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी बँकेत आहे, कोणाची आंब्याची बाग आहे. यांतल्या चांगल्या गळ्यांकडे संगीत नाटक बसवणाऱ्या संस्थांचे लक्ष जाते आणि कधी कधी त्यातून भूमिका मिळते. ही वाट रुंद नाही, पण पगारी गायक नट बाळगणाऱ्या नाटक मंडळ्या मोडल्यानंतर ज्या थोड्या वाटा उरल्या त्यांपैकी ती एक आहे.

हौशी गायकाला स्पर्धेतून थेट व्यावसायिक रंगमंचावर नेण्याचे प्रयोग पाश्चात्त्य ऑपेरातही झाले आहेत. २००३ साली ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या साथीने ‘ऑपरट्युनिटी’ ही मालिका केली. तिच्यात दोघी विजेत्या ठरल्या आणि व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’तली गिल्डाची भूमिका दोघींनी वाटून घेतली. तुलना इथपर्यंत ठीक आहे. त्या ऑपेरात संवादही गाऊनच होतात. मराठी संगीत नाटकात गद्य आणि पद आलटूनपालटून येतात, त्यामुळे निव्वळ गळ्यावर भूमिका निभावत नाही. कोकणातल्या स्पर्धांचे बळ आणि त्यांची उणीव, दोन्ही या एका फरकाशी येऊन थांबतात.

पार्श्वभूमी

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’. पुढे देवलांचे ‘शारदा’ (१८९९), खाडिलकरांची ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांनी पदांचा तो साठा तयार केला, जो आजही स्पर्धेत निम्म्याहून अधिक वेळा ऐकू येतो असे म्हणायला हरकत नाही. त्या काळी स्पर्धेची गरजच नव्हती. मुलाचा गळा गोड निघाला की कोणीतरी त्याला मंडळीच्या मालकासमोर उभे करी, मालक दोन पदे ऐकून घेई आणि मुलगा मंडळीत राही. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर असेच लहान वयात किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१८ मध्ये त्यांनी भागीदारांसह बळवंत संगीत मंडळी काढली.

कोकणाचा या रंगभूमीशी संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. गायक आणि संगीतकार रामकृष्णबुवा वझे, म्हणजे वझेबुवा, सावंतवाडी संस्थानातले. सावरकरांनी ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) लिहिले ते रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना. ते बळवंत मंडळीने रंगमंचावर आणले, त्याला चाली वझेबुवांच्या होत्या आणि ‘मर्मबंधातली ठेव ही’ हे त्यातले पद दीनानाथांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेले. बोलपट आले, मंडळ्या कर्जात बुडाल्या, तरी गावातली नाटके थांबली नाहीत. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच नाटक करायचे, ही रीत रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत टिकून राहिली. साठच्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०), ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांनी नवी पदे दिली. शेवटच्या दोहोंचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी, तेही मूळचे मंगेशीचे.

गाण्यात चुरस लावणे हेही इथे नवे नाही. सिंधुदुर्गात भजनाच्या डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात आणि रात्र जागवतात. दशावतारातला राजा किंवा नारद ऐन प्रसंगात नाट्यपदाच्या वळणाने गाऊ लागतो, तेव्हा समोरचे लोक त्याच्या तानेवर बोट ठेवून असतात. नाट्यगीत स्पर्धेचा श्रोता याच रात्रींत तयार झालेला आहे.

स्वरूप

भातकापणी आटोपली की कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो आणि आंब्याची धांदल लागेपर्यंत चालतो. गणेशोत्सवातल्या स्पर्धा वेगळ्या. बाल, युवा आणि खुला असे गट असतात. प्राथमिक फेरीत एक पद आणि चार-पाच मिनिटे, अंतिम फेरीत दोन पदे आणि थोडा जास्त वेळ, असा सर्वसाधारण पायंडा आहे. साथीला तबला आणि पेटी आयोजकांची. स्पर्धक आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गाणार ते, सांगतो. पुरुष बहुधा काळी एक ते काळी दोन (पेटीच्या काळ्या पट्ट्यांचे क्रमांक), बायका काळी तीनपासून पुढे. परीक्षक सूर, ताल, शब्दोच्चार, भाव आणि पदाची निवड यांना गुण देतात.

निवडीचे गुण कागदावर कमी असले तरी निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो. ‘घेई छंद मकरंद’ आणि ‘सुरत पिया की’ ही ‘कट्यार’मधली पदे तरुण मुले हौसेने घेतात आणि तानांच्या भरात मुखडा, म्हणजे पदाची फिरून येणारी पहिली ओळ, निसटू देतात. त्यातही ‘घेई छंद’ नाटकात दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या ढंगांत येते. आपण नाटकातल्या पंडितजींचे पद गातो आहोत की खाँसाहेबांचे, हे ठाऊक नसलेला स्पर्धक ओळखायला परीक्षकाला तालाची दोन आवर्तने पुरतात. मुलींमध्ये ‘नाथ हा माझा’ आणि ‘वद जाऊ कुणाला शरण’ यांना मरण नाही. जाणकार परीक्षक तयारीची तान ऐकून हलत नाही. तो ‘शारदा’तले ‘मूर्तिमंत भीती उभी’ निवडणाऱ्या मुलीकडे कान टवकारून बसतो, कारण त्या पदात लपायला जागाच नसते.

अलीकडे जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून पद जसेच्या तसे उचलण्याची सवय बळावली आहे. तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. म्हणून गायकाने तिथे आटोपते घेतलेले असे, आणि आजचा स्पर्धक त्या आटोपतेपणाचीही नक्कल करतो. ज्या गायकांची तो नक्कल करतो ते रंगमंचावर तेच पद रोज निराळे गात आणि ‘वन्समोअर’ मिळाला की आणखी निराळे.

पद आणि भूमिका

पदक मिळवलेला गायक तालमीला उभा राहिला की पहिली अडचण येते ती पदाच्या सुरुवातीला. स्पर्धेत आधी तानपुरा ऐकू येतो, पेटीवाला सूर भरतो, तबलजी ठाकठीक करतो आणि मग गायक डोळे मिटून सुरू करतो. नाटकात असा अवसर नाही. ‘सौभद्र’मधली सुभद्रा आपले दुःख गद्यात बोलत असते. तिचे शेवटचे वाक्य अजून संपायचे असते आणि ऑर्गनवाला त्या वाक्याच्या खाली हळूच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरतो. तिने बोलता बोलता तो सूर पकडायचा, वाक्याचा शेवटचा शब्द त्याच्या जवळ आणायचा आणि ‘वद जाऊ’ असे उचलायचे. गद्य संपले, थांबली, घसा साफ केला आणि मग गायली, तर प्रेक्षकाच्या दृष्टीने सुभद्रा निघून गेलेली असते आणि तिच्या जागी कुणीतरी गायिका उभी असते.

दुसरी अडचण हातांची. बसून गाणाऱ्याचे हात ताल धरतात, आवाजाबरोबर वर-खाली होतात. ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीचे हात मांडीवर ताल देऊ शकत नाहीत. तिसरी, समोरच्या पात्राची: पद चालू असताना त्याच्याकडे पाहायचे असते, त्याने काही केले तर त्याला उत्तर म्हणून एखादी जागा, म्हणजे सुरांची छोटी करामत, घ्यायची असते. ‘नाही मी बोलत नाथा’ हे रुसव्याचे पद प्रेक्षकांकडे तोंड करून गायले तर रुसवा कोणावर, हा प्रश्न राहतोच.

साथसंगतही बदलते. प्रत्येक पात्राची पट्टी निराळी, त्यामुळे तबलजी दोन-तीन तबले लावून ठेवतो आणि खाऱ्या दमट हवेत त्यांचे सूर उतरत असल्याने गद्याच्या प्रवेशात कान देऊन ते पुन्हा चढवत राहतो. पायपेटीचा, म्हणजे ऑर्गनचा, भाता पायाने चालत असल्याने वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि भरीव सूर मिळतो. सुस्थितीतला ऑर्गन मात्र आता मोजक्याच ठिकाणी आहे.

पुढची पायरी

महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग आहे. रत्नागिरीचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह हे या स्पर्धेचे अनेक वर्षांचे केंद्र. गोव्यातल्या संस्थाही तिथे नाटक घेऊन येतात. पदांच्या स्पर्धेत चमकलेला गायक साधारणपणे इथे पहिल्यांदा पूर्ण भूमिकेत दिसतो: आधी नांदीच्या, म्हणजे नाटकाच्या आरंभीच्या स्तवनाच्या, ओळीत, मग ‘सौभद्र’मधला नारद, आणि नशीब असेल तर अर्जुन किंवा कृष्ण. नारदाची भूमिका नवख्याला देण्यामागे हिशेब आहे. ‘पावना वामना’सारखी पदे स्वतंत्रपणे रंगतात आणि गद्याचे ओझे बेताचे असते. रत्नागिरीची ‘खल्वायन’ ही संस्था जुन्या नाटकांबरोबर नवी संगीत नाटकेही बसवते, त्यामुळे तिथल्या गायकाला कोणाचीही छाप नसलेले पद पहिल्यांदा गाण्याची संधी मिळते. ही संधी पदकापेक्षा मोठी मानायला हवी.

तिकीट लावून होणाऱ्या व्यावसायिक प्रयोगापर्यंत यांतले थोडे पोहोचतात. मुंबई-पुण्याच्या संस्था जुनी नाटके अधूनमधून काढतात, पण प्रयोगांची संख्या एवढी नसते की कोणी नोकरी सोडावी. नोकरी सांभाळून गाणे हा तसा जुनाच शिरस्ता आहे. गोव्यातल्या साखळीचे गायक नट रामदास कामत यांनी तो पाळूनही ‘मत्स्यगंधा’सारख्या नाटकांत नाव कमावले.

गोव्यात चित्र थोडे वेगळे आहे. तिथे जत्रेतले उत्सवी नाटक अजून गावाच्या मानाचा विषय आहे आणि गायक भूमिका करू शकतो की नाही हे स्पर्धेच्या आधी देवळासमोरच कळलेले असते. पणजीच्या कला अकादमीचे, चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या वास्तूतले मुख्य नाट्यगृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे आहे, आणि तिथे उभे राहणे हे गोमंतकीय हौशी नटाचे जुने स्वप्न.

साथीदारांची परंपरा याहून नाजूक अवस्थेत आहे. राज्य स्पर्धेत ऑर्गन आणि तबल्याच्या साथीला वेगळी पारितोषिके असतात. पदांच्या स्पर्धेत मात्र एकच पेटीवाला सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येकाची पट्टी सांभाळतो, चुकलेल्याला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडतो आणि निकालपत्रात त्याचे नाव आभारात येते.