सैतानाच्या ओरखड्यांपासून ल मान्सपर्यंत: माझदा ७८७बीची पार्श्वभूमी

२३ जून १९९१. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीचे शेवटचे तीन-एक तास उरलेले. बराच वेळ आघाडीवर असलेली मर्सिडीज इंजिन तापल्यामुळे पिटमध्ये शिरली आणि मागची ५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी माझदा ७८७बी पुढे निघाली. आघाडी तिने सोडलीच नाही. याला आजही नशीब म्हणतात. मला ते पटत नाही.

१९६१ मध्ये हिरोशिमाच्या माझदाने जर्मनीच्या एनएसयू या वाहन कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. या इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतो. कल्पना देखणी, पण रोटरच्या टोकांवरची सील (वायू निसटू नये म्हणून बसवलेल्या पट्ट्या) आतल्या भिंतीवर लाटांसारखे चरे पाडायची. अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने वर्षानुवर्षं याच एका दुखण्याशी झुंज दिली, तेव्हा कुठे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी इंजिनाची गाडी रस्त्यावर आली.

ल मान्सने त्यांना सहजी उभं केलं नाही. १९७९ मध्ये आरएक्स-७ पात्रता फेरीतच अडली. १९८३ मध्ये ७१७सीने छोट्या गटात बाजी मारली. पुढे ७५७ मध्ये तीन रोटर आले, ७६७ मध्ये चार. १९९० मध्ये नव्या ७८७ गाड्या उतरल्या, पण शर्यत पुरी करू शकल्या नाहीत.

मग आली ७८७बी. इंजिन २.६ लिटरचं, ताकद सुमारे ७०० अश्वशक्ती. सील आता सिरॅमिकची होती, आणि हवा आत घेणाऱ्या नळ्यांची लांबी इंजिनाच्या वेगानुसार कमी-जास्त व्हायची, त्यामुळे कमी वेगातही जोर मिळे. माझदाच्या शर्यत विभागाचे, माझदास्पीडचे, ताकायोशी ओहाशी यांनी नियमांची बाजूही लावून धरली. मर्सिडीजला १००० किलो वजन बंधनकारक होतं, माझदाला ८३०. इंधन मोजून मिळणाऱ्या शर्यतीत ही सवलत किती मोलाची, हे चालवणाऱ्यालाच कळतं. मात्र हलकी गाडीही २४ तास टिकावी लागते. ती टिकली, ३६२ फेऱ्या.

वोल्कर वायडलर, बर्ट्रांड गाशो आणि जॉनी हर्बर्ट हे तिघे चालक. शेवटचा टप्पा हर्बर्ट यांनी चालवला आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याने ते कोसळले, पोडियमवर उभेच राहू शकले नाहीत.

१९९२ मध्ये माझदा ल मान्सला पुन्हा आली. नव्या नियमांत रोटरीला जागा उरली नव्हती. एमएक्सआर-०१ मध्ये पिस्टनचं व्ही-१० इंजिन होतं.