सागाची पाने अळीने खाल्ली, तर घेराचे काय होते?

(सागलागवड केलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

पाऊस सुरू होऊन सागाला कोवळी पालवी फुटली की थोड्याच दिवसांत आमचे फोन वाजू लागतात. "सगळी झाडं बोडकी झाली, वाचतील का?" वाचतील. पाने खाणाऱ्या अळीमुळे (हायब्लिया प्युएरा) सागाचे निरोगी झाड सहसा मरत नाही. काही आठवड्यांत नवी पालवी येते, रान पुन्हा हिरवे दिसते आणि पुष्कळ मालक हा विषय तिथेच सोडून देतात. तो सोडू नये असे आम्हाला वाटते, कारण त्या वर्षीच्या लाकडाचा मोठा वाटा तोवर हातचा गेलेला असतो.

अळी कशी ओळखाल?

मादी पतंग कोवळ्या पानांवर शेकड्यांनी अंडी घालते. लहान अळी पानाची कड कातरून दुमडते, धाग्याने चिकटवते आणि त्या घडीत लपून राहते. अशी एखादी घडी नखाने उलगडून पाहा, अळी आतच सापडेल. मोठी झाल्यावर ती जाड शिरा तेवढ्या ठेवून बाकी पान फस्त करते. हल्ला ऐन भरात असताना झाडाखाली उभे राहिलात, तर पाचोळ्यावर पडणाऱ्या विष्ठेच्या दाण्यांचा आवाज पावसाच्या रिपरिपीसारखा येतो. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या धाग्यावरून खाली उतरतात आणि बहुधा पाचोळ्यात कोषात जातात. एक पिढी साधारण तीन-चार आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे नवी पालवीही पुन्हा खाल्ली जाऊ शकते.

पावसाळा सरताना पानांची नुसती जाळी उरलेली दिसली, तर ते काम दुसऱ्या अळीचे. ती शिरांमधला हिरवा भाग खाते. तोवर झाडाची वर्षाची बरीचशी वाढ झालेली असते, म्हणून तिचा फटका कमी. दोन्हींवर सरसकट एकच औषध सुचवणाऱ्याला आधी विचारा, की त्याने पान पाहिले आहे का.

घेर का थांबतो?

पाने गेली की झाड खोडात आणि मुळांत साठवलेला स्टार्च खर्चून नवी पालवी काढते. त्याचे पहिले काम पाने आणि मुळे सावरण्याचे. खोड जाड करण्याची पाळी शेवटी येते. त्यात हा हल्ला नेमका वाढीच्या भर हंगामात होतो. त्या वर्षीचे वलय अरुंद भरते. अर्थात अवर्षणातही वलय अरुंदच भरते, तेव्हा नुसत्या ओंडक्यावरून अळीला दोष देता येत नाही. म्हणून केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या कोवळ्या लागवडीत अळीपासून राखलेली झाडे आणि न राखलेली झाडे यांची काही वर्षे तुलना केली. न राखलेल्या झाडांत लाकडाच्या घनफळाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तुमची जमीन आणि पाऊस वेगळा, त्यामुळे हाच आकडा तुमच्या रानाला लावू नका; पण नुकसान किरकोळ नसते, एवढे त्यातून नक्की कळते.

कोवळ्या झाडांत आणखी एक धोका असतो. शेंड्याचा कोंब खाल्ला गेला की बाजूचे दोन-तीन कोंब एकदम वर धावतात आणि खोडाला दुबेळके येते. सरळ सोटाला जो भाव मिळतो तो फाटे फुटलेल्या खोडाला मिळत नाही. सर्वांत सरळ आणि जोमदार कोंब ठेवून बाकीचे ते बोटाएवढे असतानाच छाटा.

आमचा सल्ला

उंच झाडांवर रासायनिक फवारणी आम्ही शक्यतो करत नाही. औषध शेंड्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि अळ्यांवर जगणारे पक्षी व परोपजीवी कीटक यांनाही त्याची झळ बसते. पानांवर काळपट, मऊ पडलेल्या, हात लावताच फुटणाऱ्या अळ्या लोंबत असतील तर त्या तशाच राहू द्या. त्या बहुधा विषाणूने मेलेल्या असतात, आणि हा विषाणू अळ्यांतच पसरून त्यांची संख्या खाली आणतो. नीलांबूरला या विषाणूचाच जैविक फवारा म्हणून वापर करून पाहिला गेला आहे. रोपवाटिकेतली रोपे आणि हात पोहोचेल एवढी झाडे यांचा विचार वेगळा. तिथे अळ्या लहान असतानाच कळवा.

दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी काही ठरावीक झाडांचा छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) घेर मोजा. खोडावर रंगाचा पट्टा ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी टेप त्याच जागी बसेल. वहीत घेराशेजारी पाने कोणत्या महिन्यात आणि किती गेली तेही लिहा. विरळणीत कोणती झाडे काढायची ते ठरवायला आम्ही आलो, की सगळ्यात आधी हीच वही मागतो.