पार्श्वभूमी : चीनमधील सत्तेची तीन पदे आणि २०१८ची घटनादुरुस्ती

११ मार्च २०१८ रोजी चीनच्या संसदेने राष्ट्राध्यक्षपदावरची सलग दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. बाजूने २,९५८ मते पडली, विरोधात फक्त दोन. तिघे तटस्थ राहिले. शी जिनपिंग आता हवे तितके दिवस सत्तेत राहणार, असा अर्थ जगभर लावला गेला. तो चुकीचा नव्हता. पण त्या दिवशी ज्या पदावरचे बंधन सुटले, ते तीन पदांमधले सर्वांत दुबळे पद होते. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीसपद आणि सैन्यावर हुकूम चालवणाऱ्या केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्षपद ही खरी सत्तेची ठिकाणे, आणि त्यांवर किती वेळा बसायचे याचे लेखी बंधन तिथे आधीही नव्हते.

ही विचित्र रचना का झाली, हे समजायला १९७६ पासून सुरुवात करावी लागते. माओ पदावर असतानाच गेले. त्यांनी निवडलेल्या वारसाकडे पक्षाचे अध्यक्षपद, पंतप्रधानपद आणि लष्करी आयोग असे सगळेच आले. तरीही पाच वर्षांच्या आत त्याच्या हातून एकेक करून सगळे निसटले. त्याला बाजूला सारणारे डेंग झियाओपिंग ना कधी पक्षप्रमुख झाले, ना राष्ट्रप्रमुख, ना पंतप्रधान. त्यांच्याकडे होती यादवी युद्धातली कामगिरी, सेनापतींशी जुना घरोबा, आणि १९८१ पासून नोव्हेंबर १९८९ पर्यंत लष्करी आयोगाचे अध्यक्षपद. तेवढे पुरेसे ठरले.

सत्ता एकाच माणसाच्या हाती एकवटणे आणि मरेपर्यंत पद न सोडणे, या दोन गोष्टींवर डेंग यांनीच ऑगस्ट १९८०च्या भाषणात कडक टीका केली होती. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत ते स्वतः दोनदा पदच्युत झाले होते. ती टीका पोटतिडकीची होती, याबद्दल मला शंका नाही. १९८२च्या राज्यघटनेत ती उतरली, पण अर्धीच. कलम ७९ ने राष्ट्राध्यक्षाला सलग दोन कार्यकाळांचे बंधन घातले. पंतप्रधान आणि संसदेचे अध्यक्ष यांनाही तेच. लष्करी आयोगाच्या अध्यक्षाबाबत मात्र घटना गप्प राहिली. त्याच वर्षीच्या पक्षघटनेने नेत्यांची पदे तहहयात नाहीत असे म्हटले, पण किती वर्षे, हे लिहिले नाही. ते नजरचुकीने सुटले असे मानणे कठीण आहे. ज्येष्ठ नेत्यांना स्वतःसाठी एक दार उघडे हवे होते.

त्याची किंमत लवकरच दिसली. जानेवारी १९८७ मध्ये एक सरचिटणीस ज्येष्ठांच्या मर्जीतून उतरून गेला, १९८९ मध्ये दुसरा. या दुसऱ्याने त्या वर्षी १६ मे रोजी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना सांगितले, की महत्त्वाच्या बाबींत अंतिम शब्द डेंग यांचाच असावा, असे पक्षाने १९८७ मध्येच ठरवून ठेवले आहे. आठवड्याभरात त्याची सद्दी संपली. कागदावर पक्षाचा पहिला माणूस आणि प्रत्यक्षात पाहुणा, अशी त्या पदाची अवस्था होती.

त्यानंतर शांघायहून सरचिटणीसपदी आणलेले जियांग झेमिन यांच्यामागे युद्धातली पुण्याई नव्हती. म्हणून तिन्ही पदे एकाच माणसाला देण्याची रीत पडली; १९९३ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाने ती पूर्ण झाली. इथेच कलम ७९ ला अनपेक्षित वजन आले. तिन्ही पदे एकत्र चालायची, तर दुबळ्या पदाची दहा वर्षांची मुदत इतर दोन पदांनाही आपसूक लागू होते. कायद्याने नव्हे, संकेताने. तो संकेतही कच्चाच होता. जियांग यांनी २००२ मध्ये सरचिटणीसपद सोडले, पण लष्करी आयोग सप्टेंबर २००४ पर्यंत हातात ठेवला. हू जिंताओ यांनी २०१२ मध्ये पक्ष आणि लष्कर ही दोन्ही पदे एकदम सोडली. पूर्ण, वेळेवर झालेले सत्तांतर म्हणावे, तर ते एवढेच.

वर येण्याची वाट त्या काळात बऱ्यापैकी ठरून गेली होती : तालुक्यापासून प्रांतापर्यंतचा कारभार, कुठेही मोठा गोंधळ न होऊ देणे, आणि वरच्या कोणत्याही गटाच्या डोळ्यांत न खुपणे. शी हबेई प्रांतातल्या एका तालुक्यातून सुरुवात करून फुजियान, झेजियांग आणि शांघाय अशा पायऱ्यांनी आले. वडील क्रांतीच्या पिढीतले, पुढे छळ सोसलेले. त्या नावाचा उपयोग झालाच. २००७ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या सदस्यांकडून चाचणी मतदान घेतले गेले आणि त्याच वर्षी ते थेट स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, पोहोचले. दहा वर्षांनी हीच मतदानाची पद्धत मोडीत काढली गेली; कारण दिले मतांसाठी झालेल्या लागेबांध्यांचे. त्याऐवजी समोरासमोर बसून एकेकाचे म्हणणे ऐकले जाऊ लागले. ज्या शिडीने वर आले, तीच काढून घेतली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

सत्ता टिकवण्याचे काम २०१२ पासूनच सुरू झाले. भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत स्थायी समितीचा एक माजी सदस्य जन्मठेपेला गेला, लष्करी आयोगाचे दोन माजी उपाध्यक्ष अडकले. २०१६ मध्ये सात लष्करी विभागांचे पाच झाले आणि चार बलाढ्य मुख्यालये फोडून पंधरा खाती आयोगाच्या थेट हाताखाली आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये शी यांना पक्षनेतृत्वाचे ‘केंद्र’ म्हटले गेले.

म्हणजे २०१८ची दुरुस्ती आली तेव्हा बाकी सगळे जागेवर होते. सरकारी युक्तिवाद असा, की दोन पदांना मर्यादा नाही, मग तिसऱ्यालाच का. तिन्ही सारखी असावीत. यातली विसंगती खरी आहे. पण ती दुसऱ्या बाजूनेही मिटवता आली असती, उरलेल्या दोन पदांना मर्यादा घालून. १९८०च्या भाषणाशी तेच सुसंगत झाले असते. तो पर्याय जाहीर चर्चेत आलाच नाही. २५ फेब्रुवारीला प्रस्ताव प्रसिद्ध झाला आणि दोन आठवड्यांत मतदान उरकले. हा बदल तहहयात पदासाठी नाही, असा पक्षाच्या मुखपत्राचा खुलासा होता. पण उपराष्ट्राध्यक्षपदाचीही मर्यादा त्याच फटक्यात गेली, आणि वयामुळे स्थायी समितीतून निवृत्त झालेल्या एका निकटवर्तीयाला काही दिवसांतच ते पद मिळाले.

पक्षाच्या २०२२च्या अधिवेशनात तिसऱ्यांदा सरचिटणीसपद आणि मार्च २०२३ मध्ये एकही विरोधी मत न पडता तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपद, हे त्यापुढचे टप्पे. अडुसष्ठाव्या वर्षी निवृत्तीचा अलिखित संकेतही त्यात गेला : शी स्वतः ६९ वर्षांचे होते, आणि ६७ वर्षांच्या पंतप्रधानांना मात्र घरी बसवले गेले.

वारस कोण, याची एक खूण याआधी दोनदा दिसली होती. हू १९९९ मध्ये आणि शी २०१० मध्ये लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हाच पुढचे नाव पक्के समजले गेले. २०१२ नंतर त्या जागी एकाही बिगरलष्करी नेत्याची नेमणूक झालेली नाही.