मोटर ‘ऑटो’वर असते तेव्हा ती नेमके काय पाहते?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ‘स्टार्टर ऑटोवर टाकला आहे’ या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेतीला थ्री फेज वीज ठरावीक तासच, आणि अनेकदा रात्री मिळते. ती आली की ऑटो स्विच मोटर चालू करतो आणि विहिरीवरची फेरी वाचते. साप-विंचवाच्या भीतीने अंधारात बांध तुडवणे ज्याला ठाऊक आहे, तो या सोयीला कमी लेखणार नाही.

तरीही नियंत्रणशास्त्राच्या दृष्टीने हे स्वयंचलन अर्धेच आहे. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या नियंत्रकात वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई. म्हणजे यंत्र स्वतःच्या कामाचा परिणाम मोजून स्वतःला आवरत असे. साध्या ऑटो स्विचला मात्र वीज आल्याचे तेवढे कळते. विहिरीत पाणी आहे का, याची त्याला खबर नसते.

समजा, उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. पाणी उचलायचेच नसल्याने मोटरवरील भार घटतो आणि ती नेहमीपेक्षा कमी विद्युतप्रवाह घेते. ओव्हरलोड रिले हा स्टार्टरमधला संरक्षक स्विच प्रवाह वाढला तरच वीज तोडणारा असल्यामुळे तो स्वस्थ राहतो, आणि पाण्यानेच थंड राहणारा पाणबुडी पंप कोरडा तापत जातो. ड्राय-रन संरक्षक नेमका हाच घटलेला प्रवाह ओळखून मोटर बंद करतो. पाण्याला स्पर्शही न करता पाणी संपल्याचे ओळखणारी ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

दुसरी अडचण एकट्याच्या शेतापुरती नाही. थेट जोडणीच्या स्टार्टरवर मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. वीज येताच एका डीपीवरच्या (शेतांना वीज पुरवणाऱ्या रोहित्रावरच्या) साऱ्या मोटरी एकदम उठल्या, तर विजेचा दाब कोसळतो, फ्यूज उडतात आणि कधी डीपीच जळते. महावितरण ऑटो स्विच काढण्याचे आवाहन वारंवार करते, ते यासाठीच. रात्रीची पाळी असेपर्यंत तो सर्वांनाच काढता येईल असे नाही. पण एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून विलंबाचे टायमर काही मिनिटांच्या अंतराने लावले, तरी सुरुवातीचा हा भार विभागला जातो.