एच-१बी ते ग्रीन कार्ड
अमेरिकेत एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेला माणूस नोकरीच्या जोरावर तिथला कायमचा रहिवासी होतो ती ही प्रोसेस. एच-१बी आधी तीन वर्षांचा मिळतो, वाढवून सहा, आणि त्यावर असताना ग्रीन कार्डची फाइल टाकली तरी व्हिसाला धक्का लागत नाही.

बहुतेकांची सुरुवात पर्मपासून होते, म्हणजे कंपनीने जाहिराती देऊन लेबर डिपार्टमेंटला दाखवायचं की या जागेसाठी लायक अमेरिकन मिळाला नाही (पर्मचा खर्च कंपनीचाच, कर्मचाऱ्याकडून तो वसूल करता येत नाही, हे आवर्जून लक्षात ठेवा). मग आय-१४० (कंपनीने कर्मचाऱ्यासाठी भरायचा अर्ज) आणि शेवटी आय-४८५ (कर्मचाऱ्याचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज). नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या ईबी-१, २, ३ अशा श्रेणी असतात, त्यातल्या सगळ्यात वरच्या ईबी-१ वाल्यांना पर्म लागत नाही.

पर्म फाइल झाला ती तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या लाइनीतला नंबर, आणि सगळा जीव हिच्यात अडकलेला असतो. नोकरी बदलली की नव्या कंपनीला पर्म, आय-१४० परत करावं लागतं, पण आधीचं आय-१४० मंजूर झालेलं असेल तर तारीख सहसा जुनीच राहते. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच नवरा-बायको-मुलंही मोजली जातात आणि एका देशाला जेमतेम ७ टक्के, म्हणून भारतीयांची ईबी-२, ईबी-३ ची लाइन वर्षानुवर्षं हलत नाही. देश धरतात तो जन्माचा, त्यामुळे भारतात जन्मून पुढे कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी लाइन भारताचीच, मात्र जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याची लाइन वापरता येते. कुठल्या प्रायॉरिटी डेटपर्यंत नंबर आला ते सांगणारं परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं आणि कधीकधी तारखा चक्क मागे जातात.

सहा वर्षं संपली तरी २००० च्या कायद्यामुळे, आय-१४० मंजूर असेल तर, एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. पण नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर स्टेटस बदलायचं, एवढी वर्षं टॅक्स भरलेल्या माणसाला हे फारच कमी आहेत. सगळ्यात अन्याय होतो तो मुलांवर, २१ पूर्ण झाली की ती आईवडिलांच्या अर्जातून बाहेर, आणि २००२ च्या कायद्याने वयातून फक्त आय-१४० पेंडिंग होतं तेवढाच काळ वजा होतो, लाइनीत गेलेली वर्षं नाही. एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या जोडीदाराला आय-१४० मंजुरीनंतर कामाची परवानगी मिळायला लागली तीसुद्धा २०१५ पासून.

आय-४८५ भरून १८० दिवस झाले की त्याच प्रकारच्या कामात कंपनी बदलता येते, पर्म परत करावा लागत नाही.